पप्पा, इथंच थांबवा

नमस्कार ताई,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मी अंबडला कंपनीत आहे, जनरल शिफ्ट. मुलगी सातवीत आहे. शाळा हायवेच्या पलीकडे, इंदिरानगरच्या बाजूला. पहिलीपासून रोज सकाळी मीच तिला स्कूटरवर सोडतो. पावणेसातला निघायचं, हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचं, सात-पाचला शाळा. अडीच किलोमीटर असेल. दुपारी ती शाळेच्या रिक्षाने येते. आधी मागे बसून पाढे म्हणायची, मग मैत्रिणींच्या गोष्टी सांगायची, आता बरेचदा डुलक्या काढते. पण ती वीस मिनिटं आमची असतात. एरवी माझं तिच्याशी दिवसभरात बोलणं होतं किती?

गेल्या वर्षापासून ती मला गेटपर्यंत येऊ देत नाही. अलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे आलं की म्हणते, ‘पप्पा, इथंच थांबवा.’ मी थांबवतो. जूनपासून एकच धोशा, मी सायकलने जाणार, वर्गातल्या दोघी जातात. मिसेस म्हणते, जाऊ द्या. माझी आई म्हणते, मुलीच्या जातीला एकटं सोडू नये. मी तिला म्हटलं, नववीत गेलीस की इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देतो, तोवर मी सोडतो. ती काहीच बोलली नाही.

शेवटी मागच्या सोमवारी सायकलने पाठवलं. आणि खरं सांगतो, तिच्या मागोमाग गेलो. लांबून, हेल्मेटची काच खाली करून. बोगद्यापाशी तिने वळून पाहिलं आणि ओळखलं. संध्याकाळी एवढंच म्हणाली, ‘पाठवायचं नव्हतं तर पाठवायचं नव्हतं ना.’ दुसऱ्या दिवशी मुकाट स्कूटरवर बसली. तेव्हापासून रोज बसते, पण एक शब्द बोलत नाही. माझं काय चुकलं, ताई?

एक बाप, सिडको

भाऊ,

आधी त्या हेल्मेटच्या काचेबद्दल. ज्या स्कूटरवर मुलीने पहिलीपासूनच्या सकाळी काढल्या, ती स्कूटर काच खाली केली की तिला ओळखू येणार नाही, असं तुम्हाला खरंच वाटलं? अहो, संध्याकाळी तुमची गाडी गल्लीत वळते तेव्हा नुसत्या आवाजावरून ती आईला सांगत असेल, पप्पा आले म्हणून. ओळखायला तिला चेहरा लागतोय कशाला!

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू. पण तिच्या वाक्याशी आले आणि थांबले. बारा वर्षांच्या मुलीने याहून नेमकं काय बोलायचं? मागे आलात याचा तिला एवढा राग नाही. घरात ‘जा’ म्हणालात आणि रस्त्यावर तो ‘जा’ तिला न कळवता परत घेतलात, हे तिला लागलं. सांगून मागे आला असतात तर तिने नाक मुरडलं असतं, ‘बोगद्यापर्यंतच हं’ अशी घासाघीस केली असती आणि सायकल आजही चालू असती.

तेव्हा पहिलं काम माफी मागायचं. आजच, जेवायच्या आधी. ‘मला भीती वाटली म्हणून आलो. सांगून यायला पाहिजे होतं.’ बास. त्यापुढे ‘पण’ लावू नका. आपण आईबाप माफी मागतो आणि लगेच ‘पण तूही समजून घे ना’ म्हणून तिचं व्याज वसूल करतो. तसलं काही नको. ती ‘ठीक आहे’ म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालेल. घालू द्या. ऐकलेलं असतं.

आता तुमच्या पत्राकडे वळते. मी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षं मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्यात, त्यामुळे कोणी कशाबद्दल किती ओळी लिहिल्या हे आपोआप मोजलं जातं. तुम्ही म्हणाल, भीती वाटते म्हणून मागे गेलो. मग अख्ख्या पत्रात ट्रक कुठे आहे? खड्डा कुठे आहे? टवाळ पोरं कुठे आहेत? नाहीत. आहेत ते पाढे, मैत्रिणींच्या गोष्टी, वीस मिनिटं आणि झेरॉक्सचं दुकान. म्हणजे भीती आहेच, ती असणारच. पण जास्त जे आहे त्याला आपल्याकडे हुरहुर म्हणतात. बापांना हा शब्द वापरायची सवय नसते, म्हणून त्याला ते भीती म्हणतात. भीतीचं बरं असतं, तिच्या नावावर माणसाला नियम करता येतात.

आणि भीतीचाच हिशेब करायचा असेल तर नीट करू. मुलगी स्कूटरवर मागे बसून डुलक्या काढते, हे तुम्ही किती मायेने लिहिलंय. मला मात्र ते वाचून धस्स झालं. हेल्मेटचा उल्लेख तुमच्याच डोक्यावर आहे, तिच्या नाही. मोटार वाहन कायद्याने दुचाकीवर चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालासुद्धा. ती घालत असेल तर माझे शब्द मागे घेते. नसेल तर सिडकोपासून शाळेपर्यंत झोपाळलेली, उघड्या डोक्याची मुलगी तुम्ही वर्षानुवर्षं नेलीत आणि त्या प्रवासाला तुम्ही सुरक्षित समजता, कारण हँडल तुमच्या हातात आहे. दुपारचं तर पत्रात एकच वाक्य. शाळेच्या रिक्षा मी रोज पाहिल्या आहेत. आत पोरं किती, बाहेर लटकलेली दप्तरं किती, पुढे चालकाच्या शेजारी कोण बसलंय. त्या रिक्षाच्या मागे काच खाली करून तुम्ही एकदा तरी गेला होतात का?

हे तुम्हाला टोचायला म्हणत नाही. सगळ्यांचंच असं होतं. सवयीचा धोका दिसेनासा होतो आणि नवा धोका डोळ्यांपुढून हलत नाही.

मी शाळेच्या गेटवर सकाळच्या ड्यूटीला खूप उभी राहिले आहे. सोडायला येणाऱ्यांचे प्रकार मला पाठ आहेत. सहावीतल्या मुलाच्या बुटाची लेस स्कूटरच्या पायठणीवर पाय ठेवून बांधून देणारे वडील. दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेटपर्यंत येणाऱ्या आणि तिथे नाइलाजाने ते मुलाकडे देणाऱ्या आया. नातवाला सोडून झाल्यावर प्रार्थना संपेपर्यंत कुंपणाला टेकून उभे असलेले आजोबा. आणि तो कोपरा. प्रत्येक शाळेला असा एक कोपरा असतो. कुठे झेरॉक्सचं दुकान, कुठे पिंपळाचा पार, कुठे नुसता लाइटचा खांब. पाचवी-सहावीनंतर मुलं तिथे उतरतात. उतरली की आधी केस सारखे करतात, मग पाठीवरचं दप्तर एका खांद्यावर घेतात आणि पुढची शंभर पावलं अशी चालत येतात की जशी काही रात्रभर एकटीच चालत आलीत.

आम्ही स्टाफरूममध्ये यावरून हसायचो. पण त्या शंभर पावलांत मुलं काय करतात ते मी पाहिलंय. घरातलं पोर तिथे शाळेतलं पोर होतं. घरी ज्याला बाळ्या म्हणतात, त्याला वर्गात आडनावाने हाक मारतात. ह्या दोन नावांच्या मध्ये थोडी मोकळी जागा लागते. तुमच्या लेकीने झेरॉक्सचं दुकान निवडलंय. तिला तुमची लाज वाटत असती तर तिने ‘पप्पा’ अशी मोठ्याने हाक मारून गाडी थांबवायला सांगितली नसती, पाठीला बोट टोचलं असतं. आणखी एक. बाराव्या-तेराव्या वर्षी मुली वडिलांच्या पाठीला रेलून बसायला आपोआप संकोचतात, मधे दप्तर घेतात. त्यांचं त्यांनाही ते नीट कळत नसतं. मनाला लावून घेऊ नका आणि विचारायला तर मुळीच जाऊ नका.

आता मी ‘आमच्या वेळी’ असं म्हणेन, अशी तुम्हाला धास्ती असेल. थोडं म्हणते. मी पंचवटीतली. शाळा नदीच्या ह्या बाजूला, गावात. आम्ही चौघी भावंडं होळकर पुलावरून चालत जायचो. सोडायला कोण येणार? वडील पहाटेच कामावर, आई धाकट्यात अडकलेली. पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघायचं आणि त्यावरून आज शाळा भरणार की नाही याचा अंदाज करायचा, ही आमची हवामान खात्याची शाखा. गोष्ट गोड आहे. पण तुमच्या उपयोगाची नाही. तेव्हा पुलावर टांगे होते, आज तुमच्या बोगद्यात काय काय असतं ते तुम्ही जाणता. इंग्लंडात एक पाहणी झाली होती. तिथे १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० मध्ये ती ९ टक्क्यांवर आली. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांचा आकडाही घटला होता आणि सरकार म्हणत होतं, बघा, रस्ते सुरक्षित झाले. पाहणी करणाऱ्या मायर हिलमन यांचं म्हणणं वेगळं होतं: रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलं रस्त्यावरून काढून घेतली गेलीत. आपल्याकडेही तेच चाललंय. माझ्या शाळेचा सायकल स्टँड मी लागले तेव्हा सकाळी सातला भरून जायचा. निवृत्त झाले तेव्हा तिथे आम्हा शिक्षकांच्या स्कूटी लागत होत्या. आणि हे कुठल्या शहरात? ज्या नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी, हितेंद्र आणि महेंद्र महाजनांनी, २०१५ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करायची शर्यत पुरी केली, त्या शहरात. पहाटे गंगापूर रोडला पन्नाशीची माणसं रंगीत जर्सी घालून सायकली मारतात आणि त्यांची नातवंडं गाडीत मागे बसून शाळेत जातात.

माझंही काही वेगळं नव्हतं. मुलगा दहावीपर्यंत रिक्षाने गेला. मी शिक्षिका, माझी शाळा दुसऱ्या टोकाला, रिक्षा सोयीची. सायकल मागायचा, मी पुढच्या वर्षी म्हणायचे. बारावीनंतर पुण्याला गेला. पहिल्याच आठवड्यात फोन आला, ‘आई, आज रस्ता ओलांडायला वीस मिनिटं उभा होतो, शेवटी एका आजीबाईंच्या मागे मागे गेलो.’ तो हसत सांगत होता. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते. अठरा वर्षांच्या मुलाला पहिला रस्ता पुण्याचा द्यावा, हा काही शहाणपणा नव्हता.

तर आता बोगदा. तुमच्या मिसेस ‘जाऊ द्या’ म्हणतात तेवढ्यानेही भागणार नाही. मुलांना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर एकदम जोखायला नऊ-दहा वर्षांपर्यंत जडच जातं, पुढेही ते सरावाने येतं, वाढदिवसाने नाही. तुमची लेक बाराची आहे, म्हणजे वय झालंय. सराव मात्र शून्य, कारण पहिलीपासून तिने रस्ता तुमच्या खांद्यावरून पाहिलाय, तोही अर्धमिटल्या डोळ्यांनी. अंतराची काळजी सोडा. शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय. अडीच किलोमीटर तिच्या पायांना काहीच नाही. प्रश्न त्यातल्या दोनशे मीटरचा आहे.

एखाद्या रविवारी सकाळी तिला घेऊन बोगद्याशी नुसते जाऊन उभे राहा. सायकली स्टँडला लावा आणि दहा मिनिटं बघा. सर्व्हिस रोडवरून वळणारी गाडी आणि सरळ येणारी गाडी एकमेकींत कुठे घुसतात ते तिला शोधू द्या. तुम्ही सांगू नका, विचारा. ‘तो रिक्षावाला आता काय करेल?’ बरोबर ओळखलं तर पुढचा. मुलांना ह्या खेळात फार मजा येते आणि रस्ता शिकायची दुसरी चांगली रीत मला तरी माहीत नाही. मग ठरवा: बोगद्यात सायकलवरून उतरायचं आणि कडेने हातात धरून न्यायची. रोज. मैत्रिणी हसल्या तरी. हा एकच नियम तुमचा, त्यावर घासाघीस नाही. बाकी सगळं तिच्याशी बोलून ठरवा, म्हणजे हा एक ती पाळेल.

सकाळी पावणेसातला बोगदा त्यामानाने रिकामा असतो. खरी कसोटी दुपारी, सुटताना. ऊन, भूक, कोंडी आणि दिवसभर बसून अंगात आलेली मस्ती. म्हणून सराव दुपारचाही करा, एखादा शनिवार हाफ डे टाका. बसच्या बाबतीत एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसवा. सिटीलिंकची असो की कंपनीची, वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला कधीही शिरायचं नाही. तिथे सायकल चालकाला दिसतच नाही. तिला एकदा उभ्या बसमध्ये चालकाच्या जागेवरून बाहेर बघायला मिळालं तर फार छान, तुमच्या कंपनीच्या बसवाल्याला विचारून बघा, नाही म्हणायचे नाहीत. सध्या पाऊस आहे, तेव्हा पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून जायचं नाही, तो किती खोल हे कळत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी कधी कुठला रस्ता उकरलेला मिळेल सांगता येत नाही, म्हणून दुसरा एक रस्ताही दाखवून ठेवा. मोकाट कुत्री मागे लागली तर जोरात पेडल मारायचं नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची, हळू चालायचं. हे सांगून जमत नाही, एकदा करून दाखवावं लागतं. कुत्री काय, सिडकोत शोधायला जावं लागणार नाही.

आणि थंडीत तुम्हीच सोडा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. पावणेसातला अंधार, त्यात धुकं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये ठरवलं, पण सातवीच्या वाट्याला ती सवलत आलेली नाही. तेव्हा दीड महिना स्कूटर. हे आत्ताच ठरवून टाका, म्हणजे तेव्हा तिला ती शिक्षा वाटणार नाही. तिच्यासाठी हेल्मेट घ्या. दोन घ्या, एक स्कूटरचं, एक सायकलचं.

वर्गातल्या दोघी जातात म्हणाली ना? त्या कुठून येतात ते विचारा. एक जरी सिडकोच्या बाजूची निघाली तर निम्मं काम झालं. तिघींनी अमुक दुकानापाशी पावणेसातला भेटायचं, पाच मिनिटं वाट बघायची, मग निघायचं. तिन्ही घरांत एकमेकांचे नंबर. मुलींना दोन नंबर तोंडपाठ हवेत, मोबाइलमध्ये साठवलेले नकोत. शिवाय ११२ आणि मुलांच्या मदतीचा १०९८.

आता तुमच्या आईंचं. ‘मुलीच्या जातीला’ हे वाक्य मला आवडत नाही, पण म्हातारीला वेड्यात काढायला मी तयार नाही. तिला जे ठाऊक आहे ते तिने पाहिलेलं असतं, कदाचित सोसलेलंही. मुलगी रस्त्यावर एकटी दिसली की कोणीतरी काहीतरी बोलणार, कधीतरी कोणी सायकलच्या बरोबरीने गाडी चालवणार. हे होऊ शकतं. मला शाळेत मुलींनी असं सांगितलंय आणि जवळजवळ प्रत्येकीने पुढे एकच वाक्य जोडलंय: ‘बाई, घरी सांगू नका.’ का? घरी कळलं तर सायकल जाईल, क्लास बंद होईल, ‘तूच हसली असशील’ हे ऐकावं लागेल. त्रास देणारा मोकळा आणि घरात बंद होणार ती, हे मुलींना दहाव्या वर्षी कळलेलं असतं. आठवीतली एक मुलगी तर महिनाभर लांबच्या रस्त्याने शाळेत येत होती आणि रोज उशिराची शिक्षा घेत होती. कशामुळे ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मला कळलं तेही वहीच्या मागच्या पानावरून.

म्हणून तिच्याशी हे बोलणं तुम्ही करा, तिच्या आईवर ढकलू नका. वडिलांच्या तोंडून आलं की त्याला वेगळं वजन येतं. सांगा: कोणी काही बोललं, मागे आलं, हात लावला, तर जवळच्या दुकानात शिरायचं, मोठ्याने बोलायचं, सायकल टाकून द्यावी लागली तर टाकायची, सायकल दुसरी येते. घरी आल्यावर मला सांगायचं. मी ‘तू तिथे काय करत होतीस’ असं विचारणार नाही आणि तुझी सायकल काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि ते खरं करून दाखवायची वेळ आली तर तुम्हाला फार जड जाईल. तरी दाखवा. त्या वेळी तुम्ही सायकल काढून घेतलीत तर ती त्यानंतर तुम्हाला काहीही सांगणार नाही. मग तुम्हाला मागे मागे जावंच लागेल, काच खाली करून.

आजींना जिल्ह्यातल्या गावांतल्या मुली दाखवा. पहाटेची एसटी धरून तालुक्याच्या शाळेला जातात, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास हातात. त्यांच्याही आज्यांनी मान हलवली असेलच. आणि सोमवारी सकाळी निघताना त्यांच्याच हातून नातीच्या हातावर दही-साखर ठेवून घ्या, म्हणजे निर्णयात त्यांचाही हात राहील.

इलेक्ट्रिक स्कूटरचं आश्वासन मात्र तेवढं परत घ्या. नववीत ती चौदाची असेल. लायसन्स अठराला मिळतं. सोळाला मिळतं ते बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तुम्ही म्हणाल, पंचवीसच्या वेगाच्या छोट्या गाड्यांना लायसन्स लागत नाही. नसेल लागत. पण जिला अडीच किलोमीटर सायकल चालवू द्यायला तुमचा जीव होत नाही, तिला दोन वर्षांनी मोटर देणार, हे गणित मला सुटलं नाही. कॉलेज रोडला क्लास सुटताना बघून या एकदा. आणि खरं सांगू? ती गप्प बसली कारण तिला कळलं, पप्पा लाच देतायत.

राहिली ती वीस मिनिटं. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला ‘मुलं मोठी व्हायचीच’ वगैरे सांगणार नाही. ती खरीच जाणार आहेत आणि तुम्हाला वाईट वाटणार आहे. पहिले काही दिवस तर पावणेसातला हातात चावी घेऊन काय करावं ते सुचणार नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुलगी कॉलेजला गेल्यावरही महिनाभर सकाळी स्कूटर पुसून ठेवत होते. पुसा तुम्हीही. मात्र तो हिशेब तिच्याकडून वसूल करू नका, ‘आता पप्पांची गरज नाही वाटतं’ असली वाक्यं जेवताना टाकू नका. मुलांना ती ऐकू येतात आणि मग ती आपल्यावर दया करून स्कूटरवर बसतात. आत्ता बसतेय तशी.

स्कूटरवर तुमचं जमायचं त्याचं कारण माहितीय? तिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. ह्या वयात समोरासमोर बसवून ‘काय चाललंय शाळेत’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. शेजारी बसून, हाताला काही काम असताना, दोघांचं लक्ष तिसरीकडे असताना मुलं बोलतात. भाजी निवडताना, गाडी धुताना, सायकलचं पंक्चर काढताना. तुम्ही कंपनीत हत्यारं हाताळणारा माणूस. तिला चेन बसवायला शिकवा, ब्रेक घट्ट करायला शिकवा, टायर काढून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला शिकवा. त्यात चांगला पाऊण तास जातो.

आणि शेजाऱ्याची का होईना, एक सायकल तुमच्यासाठी मागून आणा. रविवारी सकाळी तिला पुढे घालून मिसळ खायला जा. रस्ता ती ठरवेल, कुठे वळायचं ते ती हात दाखवून सांगेल. ह्या वेळी तुम्ही मागे असाल ते तिला माहीत असेल.

तुमची,
ताई

ता. क. सायकलच्या साखळीला कव्हर नसेल तर आधी ते बसवा, स्कर्ट आणि ओढणी दोन्ही त्यात अडकतात. सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पावलांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठी सायकल घेऊन ठेवली असेल तर ती बदला.